नोटीस ‘दिली’ म्हणजे नेमकं काय केलं?

आमच्या ओळखीतल्या एका प्रेसवाल्याने (छापखाना आहे त्याचा) दोन वर्षांपूर्वी गाळा बदलला. जुन्या गाळ्याच्या लिव्ह अँड लायसन्स करारात एक ओळ होती: ‘करार मुदतीपूर्वी संपवायचा झाल्यास कोणत्याही पक्षाने दुसऱ्या पक्षास दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी.’ याला ३१ मार्चला बाहेर पडायचं होतं. २९ जानेवारीला त्याने रजिस्टर पोस्टाने पत्र टाकलं, पावती फाइलला लावली आणि निर्धास्त झाला. गाळामालक त्या आठवड्यात गावी गेले होते. पत्र त्यांच्या हातात पडलं ३ फेब्रुवारीला. डिपॉझिटचा हिशोब करायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, एप्रिलचं भाडं कापून घेणार, २८,००० रुपये. दोन महिने ३ फेब्रुवारीपासून मोजायचे, म्हणजे ३ एप्रिल आला. आणि महिना लागला की भाडं पूर्ण.

प्रेसवाला कागद घेऊन माझ्याकडे आला. मी वकील नाही, पण करारांची भाषांतरं करून पोट भरतो, त्यामुळे लोकांना वाटतं याला कळत असेल. कागद वाचल्यावर लक्षात आलं की दोघंही खरं बोलतायत. याने २९ तारखेला नोटीस दिली होती. मालकांना ती ३ तारखेला दिली गेली होती. वाद दिसायला पाच दिवसांचा, पण मुळात ‘द्यावी’ या एका क्रियापदाचा.

‘उपरोक्त’, ‘तदनुषंगिक’ असले शब्द करारात आले की आपण थांबतो, कुणाला तरी विचारतो. ‘देणे’ आलं की पुढे सरकतो. पाच वर्षांच्या पोराला कळतं ते, त्यात काय विचारायचं! आणि नेमकी तिथेच पंचाईत होते.

मी तुम्हाला चहाचा कप देतो तेव्हा माझ्या हातून सुटणं आणि तुमच्या हातात पडणं एकाच क्षणी होतं. धंद्यात असं क्वचितच होतं. मध्ये पोस्टमन असतो, ट्रकवाला असतो, बँक असते, हल्ली सर्व्हर असतो. सुटण्यापासून पडण्यापर्यंत दिवस जातात आणि त्या दिवसांत पत्र हरवतं, माल भिजतो, भाव कोसळतो, मुदत उलटते. ‘देणे’ हे क्रियापद या सगळ्या प्रवासावर एकच चादर टाकतं. पाठवणारा म्हणतो, ‘पाठवून दिलंय की!’ समोरचा म्हणतो, ‘मला मिळालेलं नाही.’ दोन्ही वाक्यं एकाच दिवशी, एकाच वेळी खरी असू शकतात.

आता कायदा काय म्हणतो? पहिली गोष्ट, तो सगळ्या ‘देण्यां’ना एकच उत्तर देत नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम ४ वाचलं तर सुरुवातीला चक्रावायला होतं. प्रस्ताव स्वीकारल्याचं पत्र मी पोस्टात टाकलं, आता ते माझ्या हाताबाहेर गेलं, की प्रस्ताव देणाऱ्यापुरतं ते ‘कळवणं’ तिथेच पूर्ण झालं. तो बांधला गेला. मी स्वतः मात्र ते पत्र त्याच्या माहितीत येईपर्यंत बांधला जात नाही, तेवढ्यात मी फोन करून माघार घेऊ शकतो. एकच पत्र, एकच कळवणं, आणि दोन माणसांसाठी पूर्ण होण्याच्या दोन वेळा! दीडशे वर्षांपूर्वी हा मसुदा लिहिणाऱ्यांना क्रियापदाला दोन टोकं असतात हे पुरतं ठाऊक होतं.

याच कलमावरून आपल्या खामगावचा एक खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि आजही कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो पाठ असतो. खामगावची जिनिंग फॅक्टरी, अहमदाबादचा व्यापारी, सरकीच्या पेंडीचा सौदा. अहमदाबादहून ट्रंक कॉल झाला, खामगावातून ‘कबूल’ म्हटलं गेलं. पुढे माल आला नाही आणि अहमदाबादच्या व्यापाऱ्याने आपल्या गावच्या कोर्टात दावा लावला. खामगावकरांचं म्हणणं, आम्ही ‘कबूल’ खामगावात बोललो, सौदा इथे झाला, तुमच्या कोर्टाचा संबंध काय? १९६५ साली बहुमताने निकाल लागला की टेलिफोनचं पत्रासारखं नाही. स्वीकृती जिथे ऐकू गेली तिथे करार झाला, म्हणजे अहमदाबादला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी वेगळं मत लिहिलं: कलमाचे शब्द बघा, संदेश स्वीकारणाऱ्याच्या हाताबाहेर गेला की झालं, आणि तोंडातून निघालेला शब्द खामगावातच हाताबाहेर गेला. मला व्यक्तिशः हिदायतुल्लांचं वाचन कलमाच्या शब्दांना जास्त धरून वाटतं, पण व्यवहाराच्या दृष्टीने बहुमताचं सोयीचं आहे. लाइन मध्येच कटली तर ‘मी कबूल म्हटलं होतं’ याला काय अर्थ?

तर मग कोर्ट ठरवतं कसं? शब्दकोश उघडून फारसं भागत नाही, कारण शब्दकोशात दोन्ही अर्थ असतात. कोर्ट आधी अख्खा कागद वाचतं, एक ओळ नव्हे. मग माणसं कोण आहेत, कुठला धंदा करतात, एकमेकांपासून किती लांब आहेत, हे बघतं. करार कायद्याच्या कलम २९ मध्ये याचं एक झकास उदाहरण आहे. कुणी ‘शंभर टन तेल’ विकायचा करार केला आणि कुठलं तेल ते कुठेच कळत नसेल तर करार रद्दबातल. पण विकणारा फक्त खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल, तर तेच तीन शब्द पुरेसे. तेल म्हणजे खोबरेल. कागदावर एक अक्षर बदललेलं नाही. दुकानाची पाटी वाचली एवढंच.

याला मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. लेखी करार झाला की ‘आमचं तोंडी असं ठरलं होतं’ म्हणून त्यातला मजकूर फिरवता येत नाही. पुरावा कायद्यातलं जुनं उदाहरण घोड्याचं आहे: कागदावर लिहिलंय की घोडा एक हजार किंवा दीड हजाराला विकला, तर यांतली खरी किंमत कोणती हे साक्षीदार आणून सिद्ध करता येणार नाही. दोष कागदाच्या तोंडावरच आहे, तो तुम्हीच निस्तरायला हवा होता. पण शब्द वाचायला सरळ आहेत आणि प्रत्यक्षाला लावायला गेल्यावर दोन ठिकाणी बसतात, तर मात्र बाहेरचा पुरावा चालतो. त्या धंद्यातली रीत काय, हेही दाखवता येतं. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण हे नियम तसेच पुढे आले आहेत. ‘नोटीस द्यावी’ हा दुसऱ्या जातीचा घोटाळा: वाचताना स्वच्छ, वापरताना दुभंगलेला.

परिस्थिती बघून क्रियापदाचा अर्थ लावणं म्हणजे काय, हे कळायला मला ओगले ग्लास वर्क्सचा निकाल सगळ्यात उपयोगी पडला. प्रभाकर कंदील ज्यांच्या घरी होता त्यांना हे नाव सांगायला नको. कारखाना कराडजवळच्या ओगलेवाडीला, आणि ओगलेवाडी तेव्हा औंध संस्थानात. म्हणजे इन्कम टॅक्सच्या दृष्टीने ब्रिटिश हिंदुस्थानच्या बाहेर. कंपनी भारत सरकारला कंदील पुरवायची. बिल दिल्लीला जायचं, त्यात विनंती असायची की रक्कम मुंबईच्या बँकेवरच्या चेकने पाठवावी. दिल्लीहून चेक टपालाने निघायचे आणि ओगलेवाडीत पोचायचे. प्रश्न असा: पैसे कंपनीला ‘मिळाले’ कुठे? औंधात मिळाले तर ती कमाई ब्रिटिश हिंदुस्थानात मिळाली असं म्हणता येत नाही. दिल्लीत मिळाले तर त्यावर कर.

वाचताना आधी हसू येतं. चेक ओगलेवाडीत उघडला, म्हणजे तिथेच मिळाला, यात वाद काय? हायकोर्टात कंपनीच्याच बाजूने कौल गेला होता. पण १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. तर्क असा होता. कंपनीने चेक ‘पाठवा’ म्हटलं. कशाने पाठवा हे लिहिलेलं नव्हतं. पण सरकारी कारकून हातात चेक घेऊन दिल्लीहून कराडला येईल अशी अपेक्षा कोणी करत नव्हतं. इतक्या लांबून चेक पाठवायचा तर तो टपालानेच येणार, हे दोन्ही बाजूंनी धरलेलंच होतं. म्हणजे ‘पाठवा’ या शब्दात ‘टपालाने पाठवा’ ही विनंती आपोआप आली. आणि घेणाऱ्याच्याच विनंतीवरून टपालाने पाठवलं तर पोस्टखातं घेणाऱ्याचा हस्तक होतं. दिल्लीत पेटीत पाकीट पडलं, तिथेच ते कंपनीला मिळालं. चेक पुढे वटले, त्यामुळे रक्कमही मागे जाऊन त्याच वेळी मिळाल्यासारखी झाली. चेकवर बँक मुंबईची होती, चेक उघडला ओगलेवाडीत, आणि पैसे मिळाले दिल्लीत!

यात नवं काही नव्हतं, हे मला नंतर लक्षात आलं. करार कायद्याच्या कलम ५० खालीच एक उदाहरण बसलेलं आहे: शंभर रुपयांची नोट मला पोस्टाने पाठव असं सावकाराने ऋणकोला सांगितलं, तर पत्त्याचं पाकीट पोस्टात पडताक्षणी कर्ज फिटलं. पुढे पाकीट हरवलं तर नुकसान सावकाराचं. मार्ग तुम्ही सुचवलात, मार्गातला धोका तुमचा. तेव्हापासून मी कुठल्याही पत्रात ‘कृपया चेक पाठवावा’ हे वाक्य दिसलं की एकदा थबकतो.

मालाच्या बाबतीत हा प्रश्न व्यापाऱ्यांनी कोर्टाच्या आधीच सोडवून ठेवलाय. ‘माल देणे’ असं मुरलेला व्यापारी म्हणतच नाही. तो विचारतो, भाव गोडाऊनचा की पोच? बिल्टी (वाहतुकीची पावती) पेड की टू पे? एवढ्या दोन प्रश्नांत भाडं कोणाचं आणि रस्त्यात माल भिजला तर बोंब कोणी मारायची, हे बरंचसं कळतं. ज्यांनी हे विचारलं नाही त्यांच्यासाठी १९३० चा माल विक्री कायदा आहे: करारानुसार माल खरेदीदाराकडे पोचवण्यासाठी वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की, उलट काही ठरलेलं नसेल तर, तो खरेदीदाराला दिला असंच धरलं जातं. इथेही ट्रकवाला पोस्टमनच्याच जागी उभा आहे.

कायद्याने स्वतः भाषा जपून वापरली की किती फरक पडतो, हे बाउन्स झालेल्या चेकच्या कलमात दिसतं. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यावर तीस दिवसांत नोटीस ‘द्यायची’. आणि समोरच्याला ती ‘मिळाल्या’पासून पंधरा दिवस पैसे भरायला. एका वाक्यात दोन क्रियापदं, दोन घड्याळं. देणाऱ्याचं घड्याळ त्याच्या टोकाला चालतं, घेणाऱ्याचं त्याच्या टोकाला. १९९९ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने हे उलगडून सांगितलं की देणं ही क्रिया आहे आणि मिळणं ही त्या क्रियेची पूर्तता. बरोबर पत्त्यावर पाठवलं की पाठवणाऱ्याने आपल्या वाट्याचं केलं. नाहीतर पोस्टमनला टाळणारा प्रत्येक जण सुटला असता. कायद्यांतल्या नोटिशीपुरती तरतूद १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये आधीपासून आहे: योग्य पत्ता लिहून, टपालखर्च भरून, रजिस्टर पोस्टाने टाकलं, की नेहमीच्या टपालाला जेवढे दिवस लागतात तेवढ्यात ते पोचलं असं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. मात्र हा नियम अधिनियमांसाठी आहे. तुमच्या-माझ्या गाळ्याच्या कराराला तो आपणहून चिकटत नाही.

ईमेलनेही हाच प्रश्न नव्या कपड्यांत आणला. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० सांगतो की संदेश पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणकयंत्रणेत शिरला की ‘पाठवला’, आणि घेणाऱ्याने नेमून दिलेल्या यंत्रणेत शिरला की ‘मिळाला’. वाचला की नाही याचा इथे संबंध नाही. दोन निळ्या टिकांवरून जन्माचं वैर धरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

‘स्वीकारणे’ हेही याच घराण्यातलं, आणि छोट्या कारखानदाराच्या दृष्टीने सगळ्यात महागाचं. मोठी कंपनी माल उतरवून घेते, चलनावर शिक्का मारते आणि दोन महिन्यांनी सांगते, ‘अजून आम्ही माल अ‍ॅक्सेप्ट केलेला नाही, क्वालिटीवाल्यांची सही बाकी आहे.’ सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ च्या कायद्याने ही पळवाट बंद केली. माल प्रत्यक्ष मिळाल्याच्या दिवसापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल मिळाला तोच दिवस स्वीकृतीचा. लेखी ठरलेली मुदत असली तरी तिथून ४५ दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत. थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. इथे संसदेनेच क्रियापदाच्या शेवटाला खुंटी ठोकली.

मराठीत मसुदा करणाऱ्याला आणखी एक भोवरा आहे, तो इंग्रजीवाल्यांना एवढा नाही: क्रियापदाचं शेपूट. ‘नोटीस द्यावी’, ‘नोटीस देईल’, ‘नोटीस देता येईल’. पहिलं आज्ञा आहे की सल्ला? ‘जेवून जावे’ असं पत्रिकेत छापतात, न जेवता गेलात म्हणून कोणी दावा लावत नाही. ‘नोटीस मिळालेली असावी’ तर कहरच आहे: मिळालेली असली पाहिजे, असाही अर्थ होतो, आणि बहुतेक मिळाली असेल, असाही! एका भाषांतरात मी हे वाक्य स्वतःच लिहून बसलो होतो. नशिबाने छाननीत पकडलं गेलं. इंग्रजी करारांतही ‘वाद लवादाकडे नेता येईल’ अशा सैल शब्दांवरून सुप्रीम कोर्टाने २००० साली म्हटलं होतं की हा लवादाचा करारच नव्हे, लवादाकडे जायचं तर दोघांची पुन्हा नव्याने संमती लागेल. ‘नेता येईल’ आणि ‘नेला जाईल’ यांतल्या फरकाने माणूस लवादाऐवजी दिवाणी कोर्टाच्या रांगेत उभा राहू शकतो.

आणि एवढं करूनही दोन अर्थ शिल्लक राहिले तर? मग संशयाचा तोटा मसुदा लिहिणाऱ्याला, असा जुना नियम आहे. विम्याच्या पॉलिसीत तो बऱ्याचदा कामाला येतो. सरकारी बँकांच्या २००० सालच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेच्या वादातही २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने योजना बँकांनीच लिहिली होती या गोष्टीवर बोट ठेवलं. पण दोन बरोबरीच्या धंदेवाल्यांनी मिळून केलेल्या करारात या नियमावर फार भिस्त ठेवू नये. तिथे जास्त बोलका पुरावा वेगळाच असतो: वाद सुरू होण्याआधी याच माणसांनी हाच करार कसा वापरला? शब्द संदिग्ध असतील तर दोन्ही पक्षांचं नंतरचं वागणं बघता येतं, हे गोध्रा इलेक्ट्रिसिटी कंपनीच्या १९७४ च्या निकालापासून पक्कं आहे.

म्हणून मी प्रेसवाल्याला त्याची सगळी फाइल घेऊन यायला सांगितलं. भाड्याने घेतलेल्या जागेसाठी, जिथे वेगळं काही ठरलेलं नाही तिथे, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०६ नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून मुदत मोजतं. ते मालकांच्या बाजूचं झालं असतं. पण हा लायसन्सचा, म्हणजे जागा वापरायच्या परवानगीचा, कागद होता आणि त्यात स्वतःचं कलम होतं, त्यामुळे ते थेट लागू नव्हतं. फाइल उलटता उलटता मालकांचंच एक जुनं पत्र सापडलं. मेंटेनन्स वाढवताना ‘एक महिना आधी लेखी कळवून’ वाढवता येईल असं करारात होतं. मालकांनी ३० जूनची तारीख टाकून पत्र पाठवलं होतं, ते गाळ्यावर पोचलं होतं ५ जुलैला (पाकिटावरचा शिक्का प्रेसवाल्याने जपला होता, छापखान्यातली सवय), आणि वाढ लावली होती १ ऑगस्टपासून. याने ती मुकाट्याने भरली होती.

म्हणजे मालक स्वतः ‘कळवणं’ पाठवल्या दिवसापासून मोजत आले होते. कोर्टात हे कितपत टिकलं असतं ते सांगवत नाही. क्रियापद वेगळं होतं, कलम वेगळं होतं. कोर्टात जायची वेळच आली नाही. पत्राची झेरॉक्स समोर ठेवल्यावर मालक बराच वेळ ती बघत बसले, आणि म्हणाले, ‘तीन दिवसांचे घेतो.’ २,८०० रुपये. प्रेसवाल्याने वाद घातला नाही.

नव्या गाळ्याचा करार करताना तो पुन्हा आला. आता ‘द्यावी’ नको, पक्कं लिहू, म्हणाला. आम्ही लिहिलं: ‘नोटिशीची मुदत, नोटीस या करारात दिलेल्या पत्त्यावर पोचल्याच्या तारखेपासून मोजली जाईल.’ नव्या मालकीणबाईंनी चष्मा लावून ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, ‘पोचली म्हणजे? माझ्या हातात, का खाली वॉचमनच्या?’

अर्धा तास गेला त्यात. शेवटी वॉचमन चालेल असं ठरलं, पण त्याची सही हवी.